पुस्तकात नसलेली पावलं

लालबागच्या त्या चाळीत मी बहिणीकडे एका दुपारपुरती गेले होते. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला होता आणि घरोघरचे पुरुष त्यात होते. बायका गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक चष्मेवाली त्यांना लायब्ररीतली कादंबरी वाचून दाखवत होती. हे रोजचंच, असं बहीण म्हणाली. त्या चष्मेवालीचं नाव मी विचारलं नाही. ओळीखाली अंगठा धरून, मान न उचलता ती वाचायची.

नायिकेने डोळे मिटले की तिला पुढचं दिसायचं आणि तिचा जीव एका डिटेक्टिव्हवर जडलेला. मला असली भलतीसलती पुस्तकं मुळीच आवडत नाहीत. पण ऐकत होते.

तेवढ्यात लांबून गोळीबाराचा आवाज आला. सगळ्यांचे हात सुपातच थांबले.

"वाच गो, थांबू नको," एक म्हातारी म्हणाली.

"तिने डोळे मिटले," चष्मेवाली वाचू लागली. "तो जिवंत होता. जिना चढत होता."

मी तिला खेटून बसले होते. पानावर मात्र तो डिटेक्टिव्ह रक्ताच्या थारोळ्यात पडला होता. माझी नजर तिने ओळखली. "आज पुस्तकाचं ऐकायचं नाही," ती पुटपुटली.

दिवेलागणीपर्यंत एकेकीचा माणूस परत आला, एकेक सूप उचललं गेलं. चष्मेवालीचा आला नव्हता. तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"ताई, तुम्ही वाचा. मला आता सुचत नाही."

त्याच पानावर अंगठा टेकून मी म्हटलं, "जिन्यावर पावलं वाजली."

तिथे तसं काही लिहिलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने चटकन जिन्याकडे पाहिलं.