काकाजींचा उजवा पाय

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, याची मला अजून खात्री नाही. मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. आमच्या घरात अर्जापेक्षा लांब असं कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे शब्द कुठे चुकला तर सांगणारंही घरी कोणी नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते काकाजी तर हे पाहून "कायले कागद खराब करून राहिला, बाबू?" असंच म्हणतील. त्यांनी आणि वाचकांनी, दोघांनीही माफ करावं.

शहराबाहेर वाडीला ट्रकच्या अड्ड्यामागे आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून. नात्यानं ते आमचे कोणी नव्हेत. बापाच्या वयाच्या शेजाऱ्याला आमच्याकडे काकाजी म्हणतात, एवढंच. ड्रायव्हर लोक त्यांना उस्ताद म्हणत. फेरीवरून घरी आले की काकाजी आधी नळाजवळच्या फरशीवर बसत, पँट गुडघ्यापर्यंत वर करत आणि कपड्यांच्या साबणानं पाय धूत. एकच. उजवा. टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या, सगळं खसाखसा घासत. डावा तसाच धुळीनं भरलेला राही. काकू दारातून ओरडत, "डावा पाय काय सवतीच्या घरचा हाये? त्याच्यावर बी टाका ना गिलासभर पाणी!"

"डाव्यानं घाण नाही तुडवली," काकाजी म्हणत आणि पुन्हा साबण उचलत.

ही सवय जुनी नव्हती. कंपनीनं ट्रकना स्पीड लॉक बसवलं तेव्हापासूनची होती. काकाजी नेहमी अनवाणी गाडी चालवत. चढताना चप्पल काढून सीटखाली सरकवायची, मगच हात स्टेअरिंगला. "जोडा घालून गाडी चालवणं म्हंजे हातमोजे घालून जेवणं," असं ते म्हणत. "चव कशी समजन?" आणि आता साठच्या पुढे उजव्या पायाखालचं पेडल कितीही दाबलं तरी इंजिन ऐकत नव्हतं.

"पेडल खाली जाते, पण खाली कोणी नसते," त्यांनी एकदा मला सांगितलं. "मेलेल्या बेडकावर पाय पडल्यावानी वाटते. थू!"

मला वाटलं होतं की त्यांना जोरात पळवायला आवडत असेल, म्हणून हा राग. कॉलेजच्या वादविवादात मी वेगमर्यादेच्या बाजूनं बोललो होतो आणि मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. ते मनात ठेवूनच मी चाचरत विचारलं, "पण काकाजी, साठ बरोबरच आहे ना?"

"बरोबरच हाये. साठच्या वर मी जलमात कवा पळवली बे?"

"मग त्रास कशाचा?"

"सून पोळ्या चांगल्या करते, तरी सासू पीठ मोजून देते. तसा त्रास."

चहाच्या टपरीवर या लॉकवरून रोज भांडणं होत. एकजण म्हणे, बरं झालं, आता बायको सारखी फोन करून जीव घेत नाही. दुसरा म्हणे, चढावावर गाडी रडते आणि मागचा बसवाला आईबहीण काढते. प्रवीण नावाचा पोरगा सगळ्यांत जास्त बोले. तो आधी काकाजींचा क्लीनर होता. गाडी त्यांनीच त्याला शिकवली. "उस्ताद, ट्रक चालवून राहिले का बैलबंडी?" तो चिडवायचा.

"बैलबंडीच हाये," काकाजी म्हणायचे. "अन् बैल मीच."

त्यांच्या ट्रकमध्ये मी एकदाच बसलो, काटोलकडे गावी जाताना. रस्ता दुपदरी होता. पुढे एक टँकर आणि इकडे फोनवर कंपनीचा सुपरवायझर, "काहून लेट होऊन राहिले?" काकाजींनी टँकरच्या बाजूनं गाडी काढली. टँकरही लॉकवाला निघाला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, जवळजवळ एकाच वेगानं; आम्ही अर्धा टँकर मागे टाकला आणि समोर एसटी दिसली. काकाजींचा पाय फळीला टेकला होता. गाडी तसूभरही जास्त सरकत नव्हती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही टँकरच्या पुढे होतो. त्या ड्रायव्हरनं पाय उचलून आम्हाला जागा दिली होती.

काकाजींनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि गवतावर उजवा पाय बराच वेळ पुसत राहिले. "चूक माहीच," ते म्हणाले. "मागंच राहाले पायजे होतं. त्यानं पाय उचलला म्हणून आपण हावो." त्यानंतर त्यांनी कोणालाच ओव्हरटेक केलं नाही आणि ते प्रत्येक फेरीला उशिरा पोचू लागले.

कारण वेळ तीच होती. गाडीचा वेग कमी केला, पण रायपूरला माल पूर्वी ज्या वेळेला पोचायचा, त्याच वेळेला पोचायला हवा होता. हे कसं जमायचं, असं ड्रायव्हरांनी विचारलं तेव्हा सुपरवायझर हसत म्हणाला, "लॉक लॉकच्या जागी राहू द्या ना. टायरवाल्याच्या मागं तो मेकॅनिक बसते, त्याच्याकडे एक चहा पिऊन या." चहा म्हणजे लॉकची वायर काढणं, हे सगळ्यांना कळलं. हळूहळू सगळेच चहा पिऊन आले. प्रवीणही आला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती, आणि लेट होणाऱ्याला पुढची फेरी मिळत नव्हती.

काकाजींना खरी किळस याची होती. "लावणारा बी हाच, काढा म्हणणारा बी हाच. वरच्या साहेबाले सांगते, आमच्या गाड्या साठच्या वर जातच नाही. अन् उद्या काही झालं तं म्हणन, ड्रायव्हरनं चोरून काढलं." असं म्हणून ते बाजूला थुंकत.

"इतकी घाण वाटते तर तुम्हीही काढून का टाकत नाही?" मी विचारलं.

त्यांनी साबण खाली ठेवला. "काढलं का घाण हातावर येते, बाबू. आता पायावर हाये, धुता तरी येते."

मग रायपूरची फेरी त्यांच्याकडून गेली. त्यांना शहरातल्या गर्दीच्या इतवारीत धान्याची पोती पोचवायला लावलं, तिथे हातगाडीवालेही त्यांच्या पुढे निघून जात. काकू माझ्या आईला म्हणत, "इतवारीत गाडी साठवर जाते का वं? तरी पाय घासूनच राहिला हा माणूस."

पुढे कंपनीनं रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला. पाहुणे गाड्या पाहणार होते, आणि शाबूत लॉक असलेली गाडी एकच उरली होती. सुपरवायझरनं तीच धुऊन, झेंडूच्या माळा घालून गेटवर उभी केली. बाकीच्या गोदामामागे. काकाजींच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात माइक दिला. मी कुंपणाबाहेर उभा होतो. काकाजींनी समोर पाहिलं. सगळ्यांत मागे प्रवीण मान खाली घालून उभा होता.

"गाडी साठची केली, बरं केलं," काकाजी म्हणाले. "आता टाईम बी साठचा करा."

पाहुणे हसले. सुपरवायझरनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. आणखी एक वाक्य बोलले असते तर प्रवीणची नोकरी गेली असती, म्हणून काकाजी तिथेच थांबले, असं मला वाटतं. त्या दिवशी नळावर त्यांनी साबणाची अर्धी वडी संपवली. काकूंनी शाल पेटीत ठेवली होती. ती काकाजींनी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पेडल पुसू लागले.

मी एम.ए.साठी अमरावतीला आलो. वाडीच्या बातम्या आता आईच्या फोनवरून तुकड्या तुकड्यांनी कळतात. पहिली बातमी, प्रवीणचा ट्रक रायपूर रस्त्यावर उभ्या ट्रेलरला मागून धडकला, त्याचं कमरेचं हाड मोडलं. दुसरी, गाडीचं लॉक काढलेलं निघालं आणि प्रवीणनं ते चोरून काढलं, अशी तक्रार कंपनीनंच पोलिसात दिली. तो दवाखान्यात पडलेला आणि वर हा गुन्हा. काकाजींना फोन करावा असं फार वाटलं, पण केला नाही.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. परवा आईचा फोन आला.

"सुपरवायझर आला होता काकाजीकडे, मिठाईचा डबा घेऊन," ती म्हणाली. "म्हणे, उस्ताद, तुमचा सत्कार झालेला हाये, तुमच्या शब्दाले वजन हाये. फक्त इतकं सांगा का कंपनीनं कोणाले लॉक काढायले लावलं नाही. रायपूरची फेरी परत देतो, नवी गाडी देतो."

"मग?"

"मग काय? डबा बाहेर पायरीवर ठेवला अन् सरळ ठाण्यात गेले. सांगतलं, यानं मले बी काढायले लावलं होतं, फलाण्या मेकॅनिककडे धाडलं होतं. सुपरवायझरले बोलावलं तं तो बोंबलला, का सत्कारानंतर यानं बी काढलं असन अन् आता आपली चोरी झाकून राहिला, याच्याही गाडीचं लॉक पाहा. पोलिसानं गाडी पाहिली. लॉक जागच्या जागी, सील बी तसंच. तवा ठाण्यातला साहेब म्हणे, ज्यानं काढलंच नाही, तो कायले खोटं बोलन? आता त्या सुपरवायझरचं बी नाव लागलं केसमध्ये."

"आणि बाकीचे ड्रायव्हर?"

"कोणी काही ऐकलं नाही म्हणे. सगळेच्या सगळे बहिरे. अन् काकाजीले कंपनीनं सांगतलं, उद्यापासून येऊ नका."

मी विचारलं, "घरी आल्यावर काय म्हणाले?"

"काकू साबण घेऊन नळावर उभी होती. ते तिच्या बाजूनं सरळ आत गेले, पाटावर बसले अन् म्हणे, वाढ."

"आणि पाय?"

"तसेच," आई म्हणाली. "दोन्ही सारखे धुळीचे."