पहिल्या नंबरावरून झालेलं भांडण

अल्बमांची नावं मी सांगणार नाही. सांगितली तर हेवी मेटल ऐकणारे जे दोन-चार जण हे वाचतील ते लगेच वाद घालायला उठतील, आणि तो वाद मी एकाच माणसासाठी राखून ठेवला आहे. ओळखीपुरतं एवढंच सांगते, की माझ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर होता आणि त्याच्या अल्बमवर काळा घोडा. दोन्ही मागच्या दशकातले. त्या दशकातला पहिल्या नंबरचा अल्बम डोंगर की घोडा, एवढाच काय तो प्रश्न. त्यावरून माझं जमत आलेलं लग्न मोडलं.

हे संगीत मला लागलं संभाजीनगरच्या हॉस्टेलवर. खोलीतल्या मैत्रिणीकडे तिच्या भावाचा पेन ड्राइव्ह आला होता. त्यातलं पहिलं गाणं लावलं तेव्हा मला वाटलं, फाइल खराब झाली आहे. खरखरीत जाड गिटार, त्यावर ड्रमचा मारा आणि गळा फाडून ओरडणारा कोणी एक माणूस. बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात त्या सगळ्या गोंगाटाखालून एक साधा, उदास सूर वर आला. तो पुन्हा ऐकावा म्हणून गाणं पुन्हा लावलं. मग काय, परीक्षा तोंडावर असताना मी ते गाणं दिवसातून दहा वेळा ऐकत होते.

पुढे जालन्यात एका बियाणं कंपनीत नोकरी लागली. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उलगडून किती उगवल्या ते बघायचं, हे माझं काम. कानात मेटल असलं की माझी मोजणी कधी चुकत नसे. राहायला मस्तगड भागात भाड्याची खोली होती. घरमालकीण खाला कधी दारातून आत डोकावायच्या, माझ्या मोबाइलवरचा आवाज थोडा वेळ ऐकायच्या आणि काळजीनं विचारायच्या, “बेटा, ये आदमी इतना नाराज कायको है?” मी म्हणायची, नाराज नाही खाला, गातोय. त्या मान हलवून निघून जायच्या आणि थोड्या वेळानं वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या.

सगळं होतं, पण भांडायला कोणी नव्हतं. दशकातले दहा सर्वोत्तम अल्बम मी वहीत लिहून काढायची, खोडायची, पुन्हा लिहायची. इंटरनेटवर परदेशातल्या अनोळखी लोकांशी वाद घालून बघितला, पण ते शिव्या द्यायचे आणि झोपायला जायचे. समोर बसून, डोळ्यांत बघून ‘तुझं चुकतंय’ म्हणणारं माणूस मला हवं होतं. माझा स्वभावच तसा. तोंड आधी सुटतं, डोकं मागून येतं.

त्या काळात मला स्थळंही येत होती. टेंभुर्णीला आमच्या घरी बघण्याचे चार कार्यक्रम झाले. आवड विचारली की मी खरं सांगायची. एक जण म्हणाला, लग्नानंतर गाणी ऐकायला कुठं टाइम मिळतो. दुसऱ्यानं मोबाइल कानाला लावून अर्धा मिनिट ऐकलं, चेहरा अगदी सरळ ठेवला आणि म्हणाला, “छान आहे.” हा मला सगळ्यात वाईट वाटला. न आवडलेल्या गोष्टीला जो आज छान म्हणतो, तो उद्या मला काय काय म्हणेल! मी चारही स्थळांना नकार दिला. बाबा निवृत्त शिक्षक, शांत माणूस. पण चौथ्या वेळेला तेही म्हणाले, “किती ताणशील? तुटंल एखाद्या दिवशी.”

पाचवं स्थळ भोकरदनचं. मुलगा हायस्कूलला विज्ञान शिकवायचा. मामांनी आणलेलं, आपल्याच समाजातलं, घर चांगलं. पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणाले, “पोरांना दहा मिनटं बोलू द्या,” आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं. गच्चीवर आईनं जुन्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडया होत्या. त्यांच्या एका बाजूला तो उभा, दुसऱ्या बाजूला मी.

“तुमची आवड?” त्यानं विचारलं.

“हेवी मेटल,” मी जरा चिडूनच म्हणाले, कारण पुढचं उत्तर मला ठाऊक होतं.

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “मागच्या दशकातला तुमचा एक नंबर कोणता?”

मी कुरडयांच्या साडीचं टोक सरळ करण्याचं निमित्त करून खाली बसले. मग सांगितलं, तो बर्फाच्या डोंगराचा.

“डोंगर?” तो म्हणाला. “चांगलाय. पण मधी झोप येते.”

“ती झोप न्हाई, शांतता आहे. तुमचा कोणता?”

“काळा घोडा.”

“घोडा!” मी उठून उभी राहिले. “त्याचे ड्रम पत्र्यावर गारा पडल्यावानी वाजतेत.”

“गारा पडल्यावरच माणूस घराबाहेर येऊन बघतो. तुमचा डोंगर लावला तर पांघरूण घेतो.”

इथून पुढचं मला क्रमानं आठवत नाही, पण आनंद आठवतो. इतकी वर्षं पोटात साठवलेलं सगळं बाहेर येत होतं आणि समोरचा प्रत्येक वाक्य झेलून परत फेकत होता. त्याला डोंगराचं चौथं गाणं माहीत होतं. घोड्याच्या शेवटच्या गाण्यातली बासगिटार माझ्या लक्षातच आली नव्हती, ती त्यानं तोंडानं वाजवून दाखवली. बोलता बोलता तुम्ही गेलं आणि तू आलं, ते दोघांनाही कळलं नाही.

“तू डोंगर ऐकला किती वेळा?” मी विचारलं.

“दोनदा.”

“दोनदा? मास्तर आहेस ना? पेपर न वाचताच मार्क देतो का पोरांना? तुला काय कळतंय डोंबल!”

“आन् तुला घोडा कळला न्हाई म्हणून घोडा वाईट का? बिलकुल कान न्हाई तुला!”

जिन्यात मामा उभे होते. दहा मिनिटं झाली हे सांगायला वर आले होते. त्यांचा चेहरा पाहून मी गप्प झाले. ते खाली उतरले आणि आम्ही त्यांच्या मागे.

मामांनी बाबांच्या कानात काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ‘पहिल्याच भेटीत अरे-तुरे. ती त्याला डोंबल म्हणली, त्यानं तिला कान न्हाई म्हणलं. पार इज्जत काढली एकमेकांची.’ तसंच काहीतरी त्यांनी मुलाच्या वडिलांनाही सांगितलं असणार, कारण ते लगेच टोपी घालून उठले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. मुलाचे वडील म्हणाले, “कळवतो.” बाबा म्हणाले, “आम्हीपण कळवतो.” दोन्ही घरांनी तो नकारच समजून हात जोडले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. गाडीत बसताना त्यानं एकदा वळून पाहिलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, अजून माझं संपलं नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. मला तो हवा होता. हे मी पहिल्यांदा खालांना सांगितलं, मग धीर करून घरी सांगितलं.

“ज्याच्याशी भांडलीस तो?” बाबांनी चष्मा काढला.

“ते भांडण नव्हतं, बाबा.”

“मामानं सोताच्या कानानं ऐकलं. हे बघ, घर काही भांडणावर चालत न्हाई. आन् त्यांचा नकार आहे. नकार आल्यावर पोरीकडच्यानं उलटा फोन केला तर लोक काय म्हणतीन?”

मी स्वतः त्याला मोबाइलवर शोधून काढू शकले असते. पण लिहायचं काय? ‘तू पसंत आहेस’ असं लिहावं तर डोंगर हरला असं कबूल केल्यासारखं झालं असतं. हसू नका. मला खरोखर तसं वाटत होतं. आणि दुसरी भीती अशी, की तो घाबरून ‘बरं बाई, तुझाच अल्बम पहिला’ म्हणाला तर? मग तो आणि ते छान म्हणणारे, यांत फरक काय राहिला? आयुष्यभर मान डोलावणाऱ्या माणसाबरोबर राहायचं या कल्पनेनंच मला रडू यायचं. त्या दिवसांत मी घोडा मात्र रोज ऐकत होते. बासगिटार खरंच चांगली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

महिना उलटला असेल. भोकरदनजवळच्या एका जाळीच्या शेडनेटमध्ये आमच्या कंपनीचा मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता, तो तपासायला मला पाठवलं. काम बाराला संपलं. जालन्याची बस लागलेली होती. मी एक पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. रविवार होता, म्हणजे शाळा नाही. स्थळाच्या कागदावरचा पत्ता मला तोंडपाठ होता.

दार त्याच्या आईनं उघडलं. हातात निवडायला घेतलेली मेथी. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. मी काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. आतल्या खोलीतून आवाज येत होता. डोंगर. त्यातलं चौथं गाणं.

“या बाई, आत या,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून आल्यापासून हेच लावून राह्यला बघा. आधी ते दुसरं लावायचा, धबाधबा. आता हे. मधीच बंद करतो, वहीत लिहितो, पुन्हा लावतो. जेवायला बस म्हणलं तर म्हणतो, पाच मिनटं. हे बाजारात गेल्ते म्हणून, न्हाई तर तुमच्यासमोरच बोलले असते त्याला.”

त्यांनी हाक मारली. तो बाहेर आला, हातात वही, पेन कानावर. मला पाहून जागीच थांबला. मला वाटलं, आता हा घाबरून माझंच खरं म्हणणार.

“अकरा वेळा ऐकला,” तो म्हणाला. “पूर्ण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

“मंग?”

“तिसरा नंबर.”

“तिसरा?”

“तिसरा. त्याच्यावर एक इंचसुद्धा जात न्हाई.”

मला इतका आनंद झाला की मी रागानं लाल झाले. “मधी दुसरा कोण घुसवला?” असं मी त्याच्या आईसमोर, त्यांच्याच बैठकीत, चप्पलसुद्धा न काढता विचारलं. त्यानं वही उघडली. गाण्यागणिक पान होतं, पानावर मार्क होते. चौथ्या गाण्याला दहापैकी नऊ. मी विचारलं, एक मार्क कशाचा कापला? तो म्हणाला, शेवटी गायक दमलाय. मी म्हणाले, दमला न्हाई, रडतोय, तुला फरक कळत न्हाई का?

त्याची आई मेथीची जुडी तशीच धरून बघत राहिली होती. मग म्हणाली, “बाई, तुमच्या बाबांचा फोन लावून द्या मला.”

मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा वहीकडे वळले. स्पीकर त्यांनी मुद्दाम चालू केला की चुकून, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

“गुरुजी, भोकरदनहून बोलून राह्यले. तुमची लेक आमच्या घरी आहे.”

“तिकडं? आमची?” बाबांचा आवाज घाबरलेला होता. “आन् हे वरडून कोण राह्यलंय?”

“दोघंबी.”

“पुन्हा भांडण?”

“मीबी तसंच समजत होते, गुरुजी. पण हा महिना झाला, घरात कोणाशी धड चार शब्द बोलला न्हाई. आज बोलून राह्यला. तुम्हीच ऐका.”

त्यांनी मोबाइल आमच्या दिशेनं धरला. मी तेव्हा पाचव्या गाण्यावर आले होते आणि त्यानं दिलेले सात मार्क आठ करून मागत होते. तो साडेसातवर अडून बसला होता. पलीकडून बाबांनी अगदी शाळेतल्यासारखं, शांतपणे विचारलं, “जिंकून कोण राह्यलंय?”

त्याच्या आईनं आमच्याकडं नीट पाहिलं.

“सध्या तर तुमचीच.”

“मंग मधी बोलू नका त्यांच्या,” बाबा म्हणाले. “त्यांचं झालं की सांगा. तारखेचं बघू.”