डाव्या सीटवरचा ड्रायव्हर

आधी त्यांचा उजवा हात दारावर आपटायचा, मग ते "सॉरी मॅडम" म्हणायचे आणि त्यानंतर डावा हात चाचपडत गिअरवर यायचा. तुम्ही डोंबिवलीला एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येत असाल, तर हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. टपावर ट्रेनिंगचा पिवळा बोर्ड, मागेपुढे लाल एल, स्टिअरिंगवर साठीला टेकलेले एक गृहस्थ, शेजारी हातवारे करणारी मी, आणि मधूनमधून दारावर बसणारा ठोसा. चालायला येणारे लोक आम्ही दिसलो की फुटपाथवर चढायचे, आणि बरोबरच होतं त्यांचं.

माझा गाडी शिकवायचा क्लास आहे. माझ्याकडे येतात त्या नव्याने लग्न ठरलेल्या मुली आणि नवऱ्याच्या टोमण्यांना कंटाळलेल्या बायका. हे काका आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"गाडी शिकायचीय का, काका?" मी विचारलं.

"विसरायचीय, मॅडम," ते म्हणाले.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मस्कतला एका घरचा ड्रायव्हर म्हणून काढली होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा आणि गिअर उजव्या हाताला. इथलं लायसन्स तिकडे असतानाच कधीतरी बाद झालेलं, आणि तिकडचं इथे चालत नाही. म्हणजे पुन्हा पहिलीत बसायचं: शिकाऊ लायसन्स, महिनाभर थांबणं, मग टेस्ट. मस्कतचं लायसन्स ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवत. कुणी विचारो न विचारो, ते काढून दाखवत आणि म्हणत, "उभ्या आयुष्यात एक मुखालफा नाही!" मुखालफा म्हणजे नियम मोडल्याची तिकडची दंडाची पावती. पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं. आठवड्याभरात मी त्यांच्या आधीच ते वाक्य म्हणायला लागले आणि ते न रागावता मान डोलवायला लागले.

हॉर्न ते वाजवत नसत. हॉर्न म्हणजे शिवी, असं त्यांचं मत. एकदा मानपाडा रोडवर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेला उभी दिसली आणि काकांनी गाडी थांबवली. तिला म्हणाले, "जा, ताई." तिच्यासाठी आजवर कोणी गाडी थांबवलेली नसावी. ती गाडीकडे बघेना की हलेना. मागे रिक्षावाल्यांनी बोंब मारली. शेवटी ती घाबरून मागच्या दुकानात शिरली, तेव्हा आमची गाडी पुढे गेली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र गंभीरच होते.

त्यांना घाई का आहे, ते मला उशिरा कळलं. एकदा टपरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "मॅडम, हा महिना जरा लवकर नाही का संपवता येणार?"

मी थट्टेत म्हटलं, "का, कुठे शर्यतीला जायचंय?"

"बायकोला माहेरी न्यायचंय. खडवलीला." चहाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला. "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता औषध नाही म्हणाले."

प्रत्येक सुट्टीत निघताना ते बायकोला एकच सांगत आले होते: कायमचा आलो की मी स्वतः गाडी चालवत तुला माहेरी नेईन. दुसऱ्याच्या आईला दवाखान्यात नेलं, दुसऱ्याची पोरं शाळेत सोडली, आणि ज्या गाडीच्या पगारावर घर चाललं ती गाडी चालवताना घरच्या माणसाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "मी नेते ना, उद्याच निघू."

"विचारलं होतं तिला आधीच. ती म्हणते, इतकी वर्षं थांबले ती काय मॅडमनी चालवलेल्या गाडीतून जायला?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकू खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटू नये इतक्या बारीक झालेल्या. काका समोर स्टुलावर बसले होते आणि जेवणाचं ताट दोन्ही हातांत धरून फिरवत होते. "आता राइट टर्न!" काकू म्हणाल्या. काकांनी ताट वळवलं. "आता कुठल्या बाजूला जाल?" काका घुटमळले. काकूंनी आपला डावा हात जरासा उचलून दाखवला. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. काकांच्या डाव्या मनगटावर त्यांनी लाल दोरा बांधला होता, बाजू लक्षात राहावी म्हणून. मला तिथे बसवेना.

कल्याणच्या आरटीओत पहिल्या टेस्टला काका उजवीकडे वळले आणि सरळ समोरून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात गेले. शेजारच्या इन्स्पेक्टरसाहेबांनीच स्टिअरिंग ओढलं म्हणून निभावलं. नापास. पुन्हा आठवडाभर थांबायचं. दुसऱ्या खेपेला तेच. त्या दिवशी काकांनी भर मैदानात हात जोडले. "साहेब, माझ्याकडे आठवडे नाहीत हो."

साहेब वाईट माणूस नव्हता. खाली बघत म्हणाला, "काका, तुम्ही कुणाच्या तरी अंगावर जाल. मी कशी सही करू?"

तिसऱ्या वेळी क्लच इतक्या घाईने सुटला की गाडी जागेवरच बंद पडली.

परतताना मी चालवत होते आणि काका शेजारी डाव्या सीटवर दगडासारखे बसले होते. मी म्हटलं, "काका, शिकाऊ तर शिकाऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते, काकूंना घेऊन जाऊ. कायद्यात बसतं ते."

"तिला घेऊन उजवीकडे गेलो तर?" ते म्हणाले आणि रडायला लागले. आवाज न करता, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत.

पत्री पुलाच्या चढावर गर्दी लागली. मी क्लच दाबला, पण माझा डावा हात पोचायच्या आत गिअर पडला होता. काकांचा उजवा हात त्याच्यावर होता. इतका अलगद की मला खटका जाणवलाही नाही. ते बाहेर बघत होते; हाताने आपलं आपण काम केलं होतं. मी पुन्हा क्लच दाबला. पुन्हा तसंच.

आता तुम्हाला माहीत असेलच, शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आणि क्लच असतात, शिकवणाऱ्यासाठी. म्हणजे काकांची जन्माची जागा माझ्याच गाडीत होती आणि रोज तिथे मी बसत होते.

"काका," मी म्हटलं, "स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर माझ्याकडे. बाकी सगळं तुमचं."

त्यांनी विचारलं, "कायद्यात बसतं?"

"लायसन्सवाली स्टिअरिंगवर आहे ना?" मी म्हटलं. खरं तर असा प्रश्न कायदा लिहिणाऱ्याला कधी पडलाच नसेल. टपावरचा बोर्ड काढते म्हटलं, तर तो त्यांनी काढू दिला नाही.

दोन सकाळी आम्ही सराव केला आणि काकूंना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. टिटवाळ्यापर्यंत मीच चालवलं. पुढे रस्ता मोकळा झाला तसे काका ताठ बसले. त्यांचा पाय क्लचवर गेला की मी ॲक्सिलरेटर सोडायची. एका खड्ड्यालाही गाडी उसळली नाही. दारावर एकदाही ठोसा बसला नाही.

काकू मागून त्यांचा हात बघत होत्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "हे किती सांभाळून चालवतात, नाही?"

स्टिअरिंग माझ्या दोन्ही हातांत होतं. मी म्हटलं, "हो ना, काकू."

त्यांना खरंच कळलं नव्हतं की सगळं कळूनच त्या बोलल्या, ते मला अजून सांगता येत नाही.

खडवलीला भाऊ अंगणातच उभा होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा पडला. कसंबसं म्हणाला, "कशी आलीस गो बाय?"

"यांनी आणलं," काकू म्हणाल्या. "गाडी चालवत."

भाऊ काकांकडे बघायला लागला. काकांचं तोंड उघडलं. खोटं त्यांच्या जिभेवर यायचं नाही, ते आता माझं नाव घेणार, असंच मला वाटलं. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. रस्ता चांगला होता."

मग भावाने काकूंना उचलून आत नेलं. काका गाडीपाशी आले, पाकिटातलं मस्कतचं लायसन्स काढून बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "ही पहिली मुखालफा."

काकू तिथून परत आल्या नाहीत. माहेरीच गेल्या, पंधरवड्यात. पुढे मी टेस्टच्या तारखेसाठी काकांना फोन केला. ते म्हणाले, "आता कुणाला न्यायचंय, मॅडम?" नंतर तो नंबर लागेनासा झाला. ते खोली सोडून गावी गेले, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं.

मी अजून रोज डाव्या सीटवर बसते. एखादी मुलगी चढावर गडबडते, तेव्हा माझा उजवा हात गिअरवर जातो. कितीही सांभाळून टाकला तरी खटका वाजतोच.