विनंतीबाईंची काचेची खोली

बस स्थानकावर त्यांना सगळे विनंतीबाई म्हणत. दिवसभर ‘प्रवाशांना विनंती आहे’ असं माइकवर सांगणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार? स्वतःसाठी मात्र त्यांनी कुणाला कधी विनंती केली नव्हती. दमा लहानपणापासूनचा, आणि आईने तेव्हाच बजावलं होतं, “दमा हा सांगत सुटायचा आजार नाही, पोरी. लोक हातातलं काम काढून घेतात आणि वर कीव करतात.”

स्थानकात धड हवा असलेली जागा एकच होती, घोषणेची काचेची खोली. यंत्रांना धूळ सोसत नाही म्हणून तिला दुहेरी दार होतं, एसी होता आणि त्याची जाळी वेळेवर धुतली जाई. माणसांना धूळ सोसते असा खात्याचा समज होता. त्यामुळे चौकशीची खिडकी फलाटाच्या अगदी काठाला उघडत असे, आणि तिच्यासमोर बस सुरू ठेवूनच ड्रायव्हर चहाला जात.

विनंतीबाईंनी त्या खिडकीवर एक हिवाळा काढला होता. तेव्हा जिना चढताना मध्येच वाकून चपलेचा पट्टा नीट करायची सवय त्यांना लागली. चपलेला पट्टा नसला तरी. काचेच्या खोलीत बदली झाली आणि ती सवय सुटली. आता ही खोली हातची जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. दम्याचं कळलं की साहेब आपल्याला इथून हलवणार याची त्यांना खात्री होती. साहेब दुष्ट होते म्हणून नव्हे, दयाळू होते म्हणून. बंद खोलीत माणूस आजारी पडतो आणि मोकळ्या हवेत बरा होतो, हे त्यांचं आवडतं मत होतं.

म्हणून दम्याचा पंप घ्यायला विनंतीबाई स्वच्छतागृहात जात. तिथल्या सफाईवाल्या मावशींनी या फेऱ्या पाहिल्या, बाईंचं पोट बिघडलंय असं ठरवलं आणि माणुसकीने सुगंधी फवारा मारायला सुरुवात केली. फवाऱ्याने बाईंची छाती आवळे. मग पंप जास्त लागे, फेऱ्या वाढत, आणि फेऱ्या वाढल्या की मावशी फवारा वाढवत.

“आज गुलाबाचा मारलाय, खास तुमच्यासाठी.”

“कशाला एवढी तसदी, मावशी?”

“तसदी कसली त्यात? पोट कुणाला चुकलंय?”

एका दुपारी तो गुलाब इतका दरवळला की बाई दारातूनच मागे फिरल्या. खोलीत येऊन त्यांनी कशीबशी घोषणा संपवली, पाठ वळवली आणि पंप तोंडाला लावला. माइकचं बटण बंद करायचं राहून गेलं.

फुस्स. मग शांतता, आणि मग एक लांबलचक सुस्कारा. सगळ्या फलाटांवर.

हवेच्या ब्रेकवर ज्याचं पोट आहे, त्याला हवा गळल्याचा हा आवाज झोपेतही ओळखू येतो. हातातले चहाचे कप खाली ठेवून ड्रायव्हर आपापल्या गाडीखाली वाकले. दुसऱ्यांदा फुस्स झालं, तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने वर कर्ण्याकडे बोट दाखवलं. “गाड्या ठीक आहेत रे. गळती वर आहे.”

साहेब धावत आले. “बाई, दमा आहे तुम्हाला?”

“आहे.”

“आणि या डबीत कोंडून घेता? मला आधी नाही सांगायचं? उद्यापासून खिडकीवर बसा. मोकळी हवा खा.”

“साहेब, एक विनंती आहे.”

माइक अजून चालूच होता. पुढची घोषणा ऐकायला फलाटांवरच्या लोकांनी कान टवकारले.

“बोला की.”

“उद्या त्या खिडकीवर आधी तुम्ही बसा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.”

सगळं स्थानक ऐकत असताना साहेबांना नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी ते बसले. सुट्टीला उठले तेव्हा डोळे लाल होते आणि रुमालावर काजळी होती. विनंतीबाईंची बदली रद्द झाली आणि संध्याकाळी साहेबांचं स्वतःचं टेबल काचेच्या खोलीत आलं. “इथून कामावर लक्ष राहतं,” ते म्हणाले.

टेबलाबरोबर त्यांची अत्तराची बाटलीही आली. साहेब तिचा सढळ हाताने फवारा मारत. म्हणजे बाई आगीतून फुफाट्यात.

“साहेब, हा वास मला सोसत नाही.”

“अहो, भारीतलं आहे. याचा कुणाला त्रास होत नाही.”

बाईंनी वाद घातला नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. साहेबांनी फवारा मारला की त्या खुर्चीतच पंप घेत, आणि माइक बंद करायला हटकून विसरत. ड्रायव्हर दर वेळी गाडीखाली वाकत. खरी गळती कुठली आणि बाई कुठल्या, हे कळेना म्हणून त्यांनी शेवटी साहेबांना गाठलं. “साहेब, एक तर गाड्यांची हवा सांभाळू, नाही तर तुमच्या अत्तराची.” त्यानंतर बाटली साहेबांच्या घरी गेली.

खिडकीवर आता नवा कारकून बसतो. मोकळ्या हवेची सवय होईल, असं साहेबांनी त्याला समजावलं आहे. परवा विनंतीबाई जिना चढत होत्या, तर तो मध्येच वाकून बुटाची नाडी बांधताना दिसला. त्यांनी खाली पाहिलं. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

त्या त्याच्या शेजारीच पायरीवर टेकल्या. “चढायची घाई करू नकोस,” त्या म्हणाल्या, “आणि साहेबांना काही विनंती करायची असेल तर माइक माझ्याकडे आहे.”