सातच्या बातम्यांतली थंडी

बातम्या वाचणं सोडून मला बरीच वर्षं झाली. तरी लग्नात, बारशात, भाजीबाजारात कोणीतरी गाठतंच. "मॅडम, उद्या थंडी वाढेल का हो?" नाशिककरांना माझं नाव आठवत नाही, आडनाव तर नाहीच. पण मी 'ती हवामानवाली' हे पक्कं! हवामानाच्या अंदाजाचं आयुष्य एका दिवसाचं. खरा ठरो नाहीतर खोटा, दुसऱ्या संध्याकाळी तो रद्दीत. त्याच्याभोवती जमलेले किस्से मात्र रद्दीत जात नाहीत. मेले वाढतच राहतात.

नव्वदीच्या दशकात नाशकात घरोघर केबल पोचली आणि तिच्या पाठोपाठ आमचं छोटंसं लोकल चॅनल सुरू झालं. गंगापूर रोडला मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या. एकीत स्टुडिओ, दुसरीत उरलेलं सगळं जग. मालक जाधवशेठ, संपादक कुलकर्णी सर आणि कॅमेऱ्यामागे मालेगावचा इम्तियाज. राजकारण आणि गुन्हे सर स्वतः वाचायचे. मला शेवटची दोन मिनिटं. हवामान.

"घाबरू नका," सर म्हणाले होते, "शेवटपर्यंत कोणी बघत नाही."

पहिल्याच हिवाळ्यात उलटं झालं. द्राक्षांचा जिल्हा, सगळ्यांचा जीव पाऱ्यात अडकलेला. लोक सातला टीव्ही लावायचे, सरांचा आवाज बंद ठेवायचे आणि माझा चेहरा दिसला की वाढवायचे! हे मला खुद्द सरांच्या बायकोनं सांगितलं.

*

स्वेटरची आयडिया जाधवशेठची. "तू म्हणतेस कडाक्याची थंडी, आणि अंगात कॉटनची साडी? पब्लिकला पटायला नको?"

म्हणून मी माझ्या वहिनींनी विणलेला जाडजूड स्वेटर घातला, वर शाल घेतली. आमच्या स्टुडिओला खिडकी नव्हती. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. समोर लग्नाच्या शूटिंगचे दोन भलेमोठे दिवे. मी वाचायला सुरुवात केली, "नाशिक जिल्हा गारठला आहे..." आणि कपाळावरून घामाची धार थेट डोळ्यात! एक डोळा मिटून मी उरलेली थंडीची लाट संपवली.

बातम्या संपताच फोन. पंचवटीतले एक गृहस्थ. "मॅडम, इतकी थंडी आहे तर तुम्हाला घाम कशानं फुटला?"

मी म्हटलं, "आकडा बघून!"

*

हवामानाचा फॅक्स मुंबईहून यायचा. त्यात सगळा महाराष्ट्र. आधी कोकण किनारपट्टी, मग आपण. एका हिवाळ्याच्या सुरुवातीला समुद्रात वादळ होतं. मी फॅक्स जसाच्या तसा वाचला. "मच्छीमारांनी खोल पाण्यात जाऊ नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या जिन्यावर चार माणसं. पायात चिखल. गंगापूर धरणावर मासे धरणारी.

"बाई, कालपास्नं जाळी गुंडाळून बसलोय. कधी जायचं पान्यात?"

मी समजावलं, की हा इशारा कोकणातल्या मच्छीमारांसाठी होता. समुद्रासाठी.

त्यांच्यातला वयस्कर माणूस रागावला. "मग तसं बोलायचं ना! 'खोल पानी' म्हनलात. आमचं पन लय खोल हाय!"

धरणाच्या अब्रूचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी सरांनी अंदाजाच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून दिली. "हा इशारा फक्त समुद्रास लागू आहे. गंगापूर धरण सुरक्षित आहे." माझ्या माहितीत धरणाचं हवामान सांगणारं जगातलं ते पहिलं बुलेटिन!

*

दर हिवाळ्यात मैदानाच्या कडेला स्वेटरवाल्यांचे तंबू लागायचे. एके दिवशी त्यांच्यातली एक बाई आणि तिचा नवरा ऑफिसात आले. हात जोडून म्हणाले, "दीदी, दो दिन से धूप है. थोडी ठंड बढ़ाके बोलो ना!"

मी हसायला लागणार तोच मागून पिंपळगावचे एक द्राक्ष-बागाईतदार आत आले. मोठी बाग, मोठा आवाज. "मॅडम, ते थंडी-थंडी जरा कमी करा. व्यापारी टीव्ही बघतो आणि आमचा भाव पाडतो. म्हणतो, गारठ्यानं मणी तडकणार."

आता एकाला थंडी वाढवून हवी, दुसऱ्याला उतरवून. सर चष्मा पुसत बसले. शेठ तर मागच्या खोलीत गायबच! मी तीन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. "बसा. तुम्हीच आपसात ठरवा काय ते. ठरेल तो आकडा मी वाचते."

बागाईतदार त्या जोडप्यासमोर बसले. मग त्यांनीच विचारलं, "लोकरीचं काय काय आहे तुमच्याकडे?" जाताना ते मजुरांच्या पोरांसाठी कानटोप्यांचं गाठोडं घेऊन गेले. आकडा मी फॅक्सवरचाच वाचला.

*

घरी माझ्या शब्दाला किती किंमत? एका रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आज गोधड्या धुवायला काढू या."

"नको. दुपारनंतर ढग येणार आहेत."

"कोण म्हणालं?"

"काल टीव्हीवर ती बाई म्हणाली ना."

"अहो आई, ती बाई म्हणजे मीच!"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हो. पण तिथं तू विचार करून बोलतेस."

*

थंडीची बातमी म्हणजे शेकोटी दाखवायलाच हवी. इम्तियाजनं एकदा गोदाकाठी पहाटे जाऊन एक झकास शेकोटी शूट केली. भोवती पाच-सहा माणसं, मधे मफलर बांधलेले एक काका हात चोळत कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. शॉट इतका सुंदर, की पुढच्या हिवाळ्यात आम्ही तोच वापरला. पहाटे उठायचा कंटाळा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी एक तरुण ऑफिसात आला. "काल तुम्ही शेकोटी दाखवली. त्यातले मफलरवाले माझे मामा. ते दिवाळीच्या आधी वारले."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी इम्तियाजकडे. इम्तियाज पुढं आला. "भाई, माफ करना," तो म्हणाला, "गलती हो गई. पुराना शॉट होता. आजच काढून टाकतो."

"नाही, नाही," तो तरुण घाईनं म्हणाला. "आज पुन्हा दाखवाल का? मामी काल देवळात गेल्या होत्या. त्यांचं बघायचं राहिलं."

त्या संध्याकाळी मी हवामान नेहमीपेक्षा सावकाश वाचलं. इम्तियाजनं शेकोटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवली.

*

एका वर्षी फॅक्समध्ये स्पष्ट होतं, जिल्ह्याच्या काही भागांत दहिवराची शक्यता. दहिवर म्हणजे गोठलेलं दव. द्राक्षाच्या कोवळ्या घडावर बसलं की घड काळा पडतो. मी कागद बाजूला ठेवला आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "बागाईतदारांनो, आज झोपू नका. बागेत शेकोट्या पेटवा."

सर चिडले. "हे बातम्यांत बसत नाही. थंडी नाही पडली तर?"

"पडेल," मी म्हटलं.

सकाळी ऑफिसात पोचले तर खाली जीप उभी. दिंडोरीकडच्या एका गावची माणसं, डोळे तांबारलेले, कपड्यांना धुराचा वास. पुढारी होता उत्तमराव नावाचा उंच शेतकरी.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी सांगितलं, आमी समदं गाव जागलो. लय लाकडं जाळली. आमच्याकडं थंडी काय आली नाय. पलीकडच्या गावात पडली, आमच्यात नाय."

सर पुटपुटले, "मी म्हणालोच होतो."

"पन आमच्या इहिरीवरच्या मोटारी चोरनारे आले ना!" उत्तमराव ओरडलाच. "वरीसभर हैरान केलं व्हतं त्यांनी. त्यांना वाटलं गाव झोपलंय. बागेत शिरले तर जिकडं तिकडं शेकोटी आन् मानसं! तिघंच्या तिघं धरून पोलिसात दिले."

त्यांनी द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवली. सगळ्यांनी खाल्ली. सरांनीही. जिना उतरताना उत्तमराव मागे वळला.

"मॅडम, मधनंमधनं असंच चुकत जा!"

*

आणि हा द्वारकाकाकींचा किस्सा. हे दोन हजार सालानंतरचं. तोवर मोबाइल आले होते आणि आमच्या बातम्यांत जाहिराती मावेनाशा झाल्या होत्या. शेठनी कात्री काढली. "कोकण कशाला वाचतेस? नाशकात कोण बघतंय समुद्र?"

मी कोकण गाळलं. बातम्या संपताच फोन आला. बाईंचा, उतारवयातला, ठणठणीत आवाज. "आज आमचा दर्या का नाही सांगितलात?"

या द्वारकाकाकी. कोकणातल्या एका बंदरावरच्या. नवरा गेल्यावर नाशकातल्या सिडकोत लेकीकडे राहायला आलेल्या. मुलगा हरेश तिकडेच, होडी चालवायचा. काकी रोज सातला माझा अंदाज ऐकत आणि लगेच त्याच्या मोबाइलवर फोन करत. वारा असला तर, जाऊ नको. नसला तर, जपून जा.

मी शेठना सांगितलं, कोकण राहणार. एकाच बाईसाठी असलं तरी राहणार. शेठ कुरकुरले, पण राहिलं. पुढं काकींशी ओळखच झाली. संक्रांतीला मी त्यांच्याकडे जाऊन तिळगूळ घेऊन आले. त्यांनी वाटीभर सोडेही बांधून दिले, वाळवलेली कोलंबी. हरेशनं पाठवलेली, म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक माणूस मला भेटायला आला. तिशीचा, रापलेला, हातात टेम्पोची किल्ली. "मी हरेश. द्वारकाबाईंचा मुलगा."

मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मॅडम, होडी मी विकली. दोन वर्षं झाली. भिवंडीत टेम्पो चालवतो. आईला सांगायची हिंमत नाही झाली, बाबांची होडी होती ती. सोडे मी बाजारातून घेऊन पाठवतो." तो किल्ली फिरवत राहिला. "रोज संध्याकाळी आईचा फोन. 'वारा आहे, जाऊ नको.' मी म्हणतो, 'नाही जात.' 'आज शांत आहे, जपून जा.' मी म्हणतो, 'हो.' ट्रॅफिकमध्ये उभा असतो, मॅडम, आणि दर्यावर असल्यासारखं बोलतो. आता नाही बोलवत. तुम्ही ते कोकण वाचायचं बंद कराल का?"

"त्यापेक्षा आईला खरं सांगा की," मी म्हटलं.

"होडी गेली कळलं तर ती हाय खाईल."

तो गेल्यावर मी बराच वेळ फॅक्स हातात धरून बसले. शेवटी मी कोकण गाळलं. शेठ खूश झाले.

बातम्या संपताच फोन वाजला.

"आज दर्या नाही सांगितलात?"

"काकी, आज फॅक्सच नीट आला नाही," मी म्हटलं.

मग काकी म्हणाल्या, "हरेश येऊन गेला वाटतं तुमच्याकडे."

मी फॅक्सची घडी घातली.

"अहो, ज्यानं होडी घेतली त्यानंच मला तेव्हाच फोन केला होता. म्हणाला, काकी, होडीवरचं देवाचं नाव पुसत नाही, तसंच ठेवतो." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "तुम्ही वाचा हो. पोरगा अबोल आहे, बापासारखा. दर्याचं काही सांगायचं नसेल, तर मी त्याला रोज फोन कशाचा करू?"

दुसऱ्या दिवशी मी जाहिरातीच्या आधीच वाचून टाकलं. "कोकण किनारपट्टीवर हवामान कोरडं राहील. वारे मंद. समुद्र शांत."