केळीचा खार आणि माझा जळफळाट

परवा सकाळी आमच्या सूनबाईंनी मिठाचं नवं पाकीट ओट्यावर ठेवलं. "आई, आता अळणी खायला नको, हे लो सोडियम आहे." मी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली... त्यात पोटॅशियम क्लोराईड!

माझ्या किडन्या तीन वर्षांपासून कुरकुरतायत. मीठ कमी आणि पोटॅशियम त्याहून कमी, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो साठ सालाच्या आसपास, शहाद्याकडच्या तापीकाठच्या माझ्या सासरी... आणि तो ऐकायची वेळ माझ्याच जळक्या स्वभावामुळे आली होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरची केळीची बाग, आणि सासरे म्हणजे आमचे बाबा मूत्रपिंडाच्या दुखण्याने खाटेवर. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, केळी बंद केलेली, भाजीसुद्धा उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं. घडांनी भरलेली गाडी दारातून निघाली की बाबा तोंड फिरवून बसायचे.

त्यांचं सगळं माझी थोरली जाऊ बघायची. तिला घरात मोठीबाई म्हणत. औषध कुठंय, मोठीबाईले ईचार. पापड कधी करायचे, मोठीबाईले ईचार... माझ्या वाट्याला भांडी आणि शेणगोठा.

आता या वयात काय लपवायचं? मी जळायचे तिच्यावर. तिचं नाव निघालं की माझा नुसता तिळपापड व्हायचा. भाजी ती अळणी करायची आणि कौतुक असं, जशी काही पुरणपोळीच वाढलीय!

मग एकदा मोठीबाई बाहेर बसली. तेव्हा त्या चार दिवसांत बाईने चुलीला शिवायचं नाही, म्हणून चूल माझ्या हाती आली. परसातूनच ती ओरडून सांगायची, बटाटा बारीक चिर, भिजत घाल, उकळलेलं पाणी फेक. मी पाणी फेकत होते, पण मनात वेगळंच शिजत होतं...

आमच्याकडे घड उतरवला की केळीचे खांब वाळवून जाळायचे. ती राख पाण्यात कालवायची, निवळ पाणी आटवायचं, की तळाला पांढरा खार उरतो. पापडात तोच पडायचा. चवीला खारट, आणि मीठ तर नव्हे... डॉक्टरांनी केळी बंद केली होती, केळीची राख कुठे बंद केली होती? मी बरणी काढली आणि भाजीत चमचाभर टाकला.

बाबांनी त्या दिवशी ताट चाटूनपुसून साफ केलं. "आज भाजीले चव शे! कोनी करी व?" "मी, बाबा," मी पदराआडून म्हटलं. अहाहा, काय गार वाटलं सांगू... परसात मोठीबाईला ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हटलं होतं. मग चारही दिवस दोन्ही वेळा खार पडला.

पाचव्या दिवशी मोठीबाई न्हाऊन चुलीपाशी आली आणि इकडे बाबांना उठताच येईना. पाय लाकडासारखे जड, छातीत कसंतरी. डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. "पोटॅशियम चढलंय यांचं... स्वयंपाक कोण करतं?"

सगळ्यांनी मोठीबाईकडे पाहिलं. डॉक्टर तिला वाट्टेल ते बोलले. दीर, माझे मिस्टर, सासूबाई... चूल चार दिवस कुणाकडे होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण परक्या पुरुषापुढे 'ही बाहेर बसली होती' हे बोलणार कोण? मोठीबाई मान खाली घालून उभी. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलं...

आणि मला बरं वाटलं. हो, क्षणभर बरंच वाटलं! म्हटलं, बरी जिरली.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "काय खाल्लंय ते कळलं नाही तर मी यांना वाचवू कसा?" बाबांचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. तो बघितला आणि मी आत धावले, बरणी आणून डॉक्टरांपुढे ठेवली. "चूल माझ्याकडे होती... हा केळीचा खार मीच भाजीत टाकला."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, झाडातलं सगळं पोटॅशियम राखेतच उरतं. केळं बंद केलं आणि तुम्ही अख्खी बाग ताटात वाढलीत!"

इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. आता माहेरी धाडतात, या भीतीने मला अन्न गोड लागेना. पण बाबा वाचले, पुढे दोन दिवाळ्या आमच्यात होते.

तिसऱ्या दिवशी मोठीबाईने हाक मारली. वाटलं, आता माझी शोभा होणार. तिने माझ्या हातात पळी दिली. "ये, बस. भाजीवर लिंबू कवय पियानं, हिंग कितला टाकाना, समदं सांगस." मग खाली बघतच म्हणाली, "त्या दिनले बाबासनी तुन्ही भाजी चाटीसन खादी ना... माले भलता हेवा वाटना व."

दोघी हसलो की रडलो, आठवत नाही.

परवा सुनेपुढे मी ते पाकीट बाजूला सारलं. बिचारीचा चेहरा पडला. ओरडणार होते, पण म्हटलं, "ये, बस. लिंबू कधी पिळायचं ते दाखवते."

मोठीबाई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या त्या अळणी भाजीसारखी भाजी मला अजून जमत नाही... आणि खरं सांगू? हेवा अजून वाटतो.