तारण हरवलं की नव्हतंच?

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास जळकोटकडच्या आमच्या गावाला लागोपाठ कोरडे पावसाळे गेले. टँकर मागायला गेलं की जुना जिल्हा नव्याकडे बोट दाखवी आणि नवा म्हणे, अजून कागदच आले नाहीत. पाणी उरलं होतं फक्त आमच्या ख्रिस्ती वस्तीच्या विहिरीला. ज्या गावानं माझ्या आजोबांच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, ते एका सकाळी आमच्या दारात उभं राहिलं. देवळाचा गाभारा पाण्यानं भरून महादेवाला कोंडलं की पाऊस येतो, अशी तिकडची समजूत. माणसांना प्यायला पुरेना आणि देवाला बुडवायचं, याचा मला तेव्हाही संताप आला होता.

बाबा मात्र हरखून गेले. "आपल्या हातचं पाणी मागायलेत, न्हाई कसं म्हणू?" असं म्हणत त्यांनी स्वतः खांद्यावरून घागरी देवळाच्या पायरीपर्यंत नेल्या. तिथं एका लिंगायत दुकानदारानं कौतुकानं त्यांच्या कपाळाला भस्म लावलं. बाबांनी ते पुसलं नाही.

पाऊस आला नाही. पाळक आले. ते महिन्यातून एकदा उपासना चालवायला उदगीरहून यायचे. देवळाला दिलेल्या पाण्याची आणि भस्माची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. त्यांनी बाबांना प्रभुभोजनाची भाकर द्यायचं बंद केलं. विश्वास सोडणाऱ्याचं तारण जातं, त्याला स्वर्गाचं दार बंद होतं, म्हणाले. मंडळीपुढं उभं राहून पश्चात्ताप केला तरच ते परत मिळेल.

"मी कुठं गेलोच न्हाई," बाबा म्हणाले, "तर परत कुठून येऊ?"

झालं. दोघंही हटेनात. माय भाकरी थापताना मध्येच थांबून मला विचारायची, "तुझा बाप मेल्यावर कुठं जाईल गं?" मी दहावीतली पोर, काय सांगणार? मला पाळकांचा राग यायचा आणि त्याहून जास्त बाबांचा. 'चुकलो' म्हणायला यांचं काय जात होतं? तिकडे मायच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मग मुदखेडहून एक उपदेशक पाहुणे आले. त्यांनी आमच्या ओसरीवर बसून सांगितलं की तारण एकदा मिळालं की ते कुणालाच हिरावता येत नाही, माणसाला स्वतःलासुद्धा नाही. मायचा चेहरा असा उजळला की मला हसू फुटलं. मी लगेच बाबांची हकीकत सांगितली. चहाचा घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "मग त्यांना ते कधी मिळालंच नसेल."

तो कप त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला मला. बाबा कोरडं हसले. "यांच्यापरीस आपले पाळक बरे. माझ्यापाशी व्हतं, एवढं तरी म्हणतात."

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांनी पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा नकाराची मान हलवली. भाकरीचं ताट बायकांच्या बाजूला आलं. मायनं भाकर घेतली नाही. मंडळीत कधी तोंड न उघडणारी माझी माय उभी राहिली.

"पाणी मी शेंदलं हाय. आमी समद्या बायांनी शेंदलं. त्यांनी नुसतं नेलं."

हे कुणी विचारलंच नव्हतं. विहिरीवर पाणी बायकाच शेंदतात, त्यामुळे ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. पाळक म्हणाले, "बाई, खाली बसा." तिच्याबरोबर दोर ओढलेल्या बायकांनी माना खाली घालून आपापली भाकर घेतली. त्यांचा मला आजही राग येतो. माय मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेली आणि दाराजवळ बाबांच्या शेजारी बसली.

"तू कशाला आलीस?" बाबा चिडून पुटपुटले. "तुला तरी मिळालं असतं."

"घेऊन काय करू? तुमी न्हाई त्या सर्गात सैपाक कुणासाठी करू?"

 बाबा उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलो."

पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी दोघांना भाकर दिली आणि मंडळीनं उभं राहून गीत म्हटलं. बाबा त्या मंडळीत खोटं बोलले ते तेवढं एकदाच, आणि त्यावर त्यांना तारण परत मिळालं.